चिमणी मारणारा पोरगा पक्ष्यांचा डॉक्टर झाला : डॉ. सलीम अली, त्यांची बंदूक आणि आपले माळरान

वाशिम : दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या जन्माची. शाळांमध्ये भाषणं होतात, भिंतीवर पक्ष्यांची चित्रं लागतात, पोरं तलावाच्या काठावर जाऊन बदकं मोजून येतात. पण ज्या माणसाच्या जन्मदिवशी हा सप्ताह संपतो, त्याची सुरुवात दुर्बिणीने झालेली नाही. ती झाली बंदुकीने, आणि तीही पक्षी मारण्यासाठी घेतलेल्या बंदुकीने. ही गोष्ट भाषणात फारशी कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वाड्यांत आजही एखादी दुनळी कपाटात पडून आहे, आणि आपल्या माळावरचे पक्षी मात्र बोटावर मोजण्याइतके उरले आहेत.

आईबापाविना पोर, मामाच्या घरी

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. घर सुलेमानी बोहरा मुसलमान समाजाचं. भावंडं बरीच आणि सलीम त्यातला जवळजवळ शेंडेफळ. वर्षाचा असताना वडील मोइझुद्दीन गेले, तीन वर्षांचा असताना आई झीनतउन्निसा गेली. मागे राहिलेल्या लेकरांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. या मामा-मामीला स्वतःचं मूल नव्हतं. घर मोठं, माणसांनी भरलेलं, अंगणात घोडे बांधलेले.

मामा शिकारी होते. त्या काळात मुंबईच्या बड्या घरातला माणूस शिकारीला जाणं ही साधी गोष्ट होती. मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकून सलीमलाही वाटायचं, आपण मोठं होऊन नावाजलेला शिकारी व्हायचं. दहा वर्षांचा असेल नसेल तेव्हा मामांनी त्याला एक छर्ऱ्याची हवाई बंदूक दिली. डेझी नावाची अमेरिकन बंदूक होती ती. खेळणंच म्हणा, पण चिमणी पडायला तेवढी पुरायची. पोराने घराच्या आजूबाजूच्या चिमण्यांवर नेम धरायला सुरुवात केली. मारलेल्या चिमण्या रीतसर हलाल करून भाजून खाल्ल्या जायच्या. आपल्याकडे पोरं गलोल घेऊन होल्यांच्या मागे फिरायची, तसलाच हा प्रकार.

सात दिवसांत आठ नर

याच वयातली एक नोंद पुढे कितीतरी वर्षांनी छापली गेली आणि पक्षी अभ्यासणारे लोक अजूनही तिचा दाखला देतात. घराच्या तबेल्यात एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खुंटीवर बसून पहारा देतोय. सलीमने एका घोडागाडीच्या आडून नेम धरला आणि नर पाडला. थोड्या वेळाने पाहतो तर मादीने दुसरा नर आणला आणि तोही त्याच खुंटीवर येऊन बसला. तोही पाडला. मग तिसरा आला. असं करत सात दिवसांत त्याच एका जागेवर आठ नर पडले. प्रत्येक वेळी नवा नर आधीच तयार असल्यासारखा हजर होत होता.

आता दहा वर्षांच्या पोराने आठ चिमण्या मारल्या यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्याने ते लिहून ठेवलं. किती मारले, किती दिवसांत, जागा कोणती, मादी काय करत होती. मारणारे तेव्हा हजारो होते, लिहिणारा हा एकच निघाला. पुढचं सगळं आयुष्य या एका सवयीतून उभं राहिलं.

पिवळ्या गळ्याची चिमणी

एके दिवशी अशीच एक चिमणी पडली. उचलून पाहिली तर गळ्यावर पिवळा डाग. रोजच्या घरचिमणीसारखी दिसते, पण ती नाही. पोरगा ती घेऊन मामाकडे गेला. मामांनाही ओळख पटेना. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमींनी मिळून स्थापन केलेली ही संस्था. मामांनी तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि पोराला चिमणीसकट तिकडे धाडलं. साल १९०८.

त्या काळात काळ्या माणसाच्या पोराने गोऱ्या साहेबाच्या दारात जायचं म्हणजे छातीत धडधड. कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन सलीम आत गेला. मिलार्ड यांनी ती पाहताक्षणी ओळखली. पिवळ्या गळ्याची चिमणी, आपल्याकडे जिला रानचिमणी म्हणतात ती. साहेबाने पोराला हुसकलं नाही. उलट कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, आणि पक्ष्याचं कातडं काढून ते टिकवायचं कसं हे शिकायची सोय करून दिली. एका माणसाने एका पोरासाठी काढलेला तेवढा वेळ देशाला फार मोठा उपयोगी पडला.

दुनळी म्हणजे काय, आणि पक्षी गोळा करणाऱ्याच्या हातात ती काय करते

पुढे हवाई बंदुकीच्या जागी खरी छर्ऱ्याची बंदूक आली. त्या काळात पक्षी मारायला सगळीकडे चालायची ती दुनळी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली बंदूक. आपल्या भागात देशमुख, पाटील, जहागीरदारांच्या घरी याच असायच्या. काही इंग्लंडच्या, काही बेल्जियमच्या. बारा बोअर हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्याचा अर्थ थोड्यांनाच माहीत असतो. नळीच्या भोकात बरोबर बसेल अशी शिशाची गोल गोळी घेतली आणि तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी बारा बोअरची. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.

बंदूक मधून मोडायची, दोन काडतुसं घालायची, बंद करायची. चाप बहुतेक दोन. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. उजव्या नळीचं तोंड थोडं मोकळं असतं, त्यामुळे छर्रे लवकर पसरतात आणि जवळचा पक्षी पडतो. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं असतं. पहिला बार चुकून पक्षी लांब गेला तर ती कामी येते. एवढं सगळं करूनही पक्ष्यासाठी हिची पोच साधारण ३० ते ४० यार्डांपर्यंतच.

जुनी दुनळी विकत घेणारा जाणकार माणूस आधी नळी प्रकाशाकडे धरून आतून पाहायचा. गंजाचे खड्डे आहेत का, कुठे पोचा आहे का, नळी आणि दस्ता यांचा जोड ढिला झाला आहे का, नळीखाली चाचणीचे शिक्के आहेत का. फार जुन्या बंदुकांच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींत पिळून केलेल्या असायच्या. त्यांच्यावर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते, पण त्या काळ्या दारूसाठी बनलेल्या. त्यांत आताचं जोरदार काडतूस घातलं तर नळी फाटून हात जाऊ शकतो. कितीतरी जुन्या बंदुकांत काडतुसाची खोलीच अडीच इंचाची असते आणि नवीन काडतूस पावणेतीन इंचाचं. घातल्यावर ते बसतं, म्हणून माणसाला वाटतं चालतंय. तिथेच घात होतो.

संग्रहासाठी पक्षी मारणाऱ्याची गरज शिकाऱ्यापेक्षा वेगळी असते. शिकाऱ्याला मांस पाहिजे. संग्रह करणाऱ्याला पीस न् पीस शाबूत पाहिजे. म्हणून बारीक पक्ष्यासाठी रव्यासारखे बारीक छर्रे आणि कमी दारू. पक्षी पडला की आधी चोचीत कापूस कोंबायचा, म्हणजे रक्ताने पिसं खराब होत नाहीत. मग कागदाच्या पुंगळीत डोकं खाली करून ठेवायचा. तळावर आल्यावर कातडं सोलायचं, आतून सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. ठिकाण, तारीख, नर की मादी, डोळ्याचा रंग, चोचीचा रंग. ही चिठ्ठी नसेल तर मेलेल्या पक्ष्याला काही किंमत नाही, तो फुकट मेला. सलीम अली यांनी हे काम अनेक वर्षं केलं आणि त्याबद्दल कधी लपवाछपवी केली नाही. ते शाकाहारी नव्हते, अहिंसेचा आवही त्यांनी आणला नाही. नीट ओळखता यावं म्हणून मारलेला पक्षी आणि मजेसाठी मारलेले ढीग, या दोन गोष्टी त्यांनी कायम वेगळ्या मानल्या.

पदवी नाही म्हणून नोकरी नाही

अभ्यासात सलीम यथातथाच. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पास झाले. कॉलेजात मन रमेना, तेव्हा ब्रह्मदेशात तवॉय इथे घरच्यांचा वुल्फ्रॅम धातूच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तिकडे गेले. खाणीपेक्षा भोवतालच्या जंगलातच जास्त वेळ गेला. धंद्यातून काही निघालं नाही. १९१७ ला मुंबईला परत आले, दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकू लागले. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर यांनी या पोराचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

झूलॉजिकल सर्व्हेत पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली होती. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. पक्ष्यांची एवढी ओळख असलेला माणूस कागदावर कमी पडला. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली, पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत त्याचाही कंटाळा आला. रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याचं कातडं म्हणजे शेवट नाही, जिवंत पक्षी कसा जगतो ते पाहायचं असतं, ही दृष्टी तिथे पक्की झाली. सलीम अली यांनी श्ट्रेझेमान यांना आयुष्यभर गुरू मानलं.

१९३० ला परत आले तर म्युझियममधली जागाच पैशाअभावी रद्द झालेली. वय ३४, घरात बायको, हातात नोकरी नाही.

किहीमची सुगरण : बंदूक बाजूला, शिडी पुढे

तेहमिना यांच्या माहेरचं एक छोटं घर अलिबागजवळ किहीमला समुद्राकाठी होतं. मुंबईत खर्च परवडत नव्हता म्हणून दोघं तिथे राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळा लागला आणि घरटी विणायला सुरुवात झाली. काम नसलेला माणूस शिडी लावून, वर आडोसा करून, घरट्यांच्या उंचीवर तासन् तास बसायला लागला.

तोपर्यंत लोक समजत, सुगरणीचं एक जोडपं, एक घरटं, एक संसार. पाहिल्यावर निघालं वेगळंच. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की माद्यांचा जथा येतो, घरटी आतबाहेर पाहतो. पसंत पडलं तर मादी ताबा घेते, मग नर घरट्याची पुढची नळी पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गडी लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराचे एका हंगामात दोन-तीन संसार. ही गोष्ट एकही बार न उडवता कळली. बंदुकीने आठ नर मारून जो पोरगा चिमणीबद्दल शिकला होता, तोच माणूस आता नुसता बसून त्यापेक्षा जास्त शिकला. या अभ्यासाने त्यांचं नाव बाहेरच्या देशांत पोचलं.

निजामाचं राज्य, पैनगंगेच्या पलीकडे

नोकरी नाहीच, तेव्हा त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. देशातल्या संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी नीट झालेलीच नव्हती. मला पगार नको, फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, पाहणी मी करतो, असा त्यांचा प्रस्ताव. पहिलं मोठं काम हैदराबाद संस्थानाचं, १९३१-३२ मध्ये. त्या वेळी निजामाची हद्द पैनगंगेला लागलेली होती. वाशिम तालुक्यातून नदी ओलांडली की पलीकडे, आजचा हिंगोली जिल्हा, निजामाचं राज्य. आपल्याच शेजारच्या मुलखासकट त्या सगळ्या राज्याच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी या पाहणीतून तयार झाली. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थानं झाली.

बैलगाडी, तंबू, मलेरिया, मिळेल ते खाणं. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, चांगल्या घरातल्या. तरी त्या तळावर बरोबर असायच्या. तंबूचं सगळं बघायच्या, नवऱ्याचं इंग्रजी लिखाण सुधारायच्या. मारून आणलेल्या पक्ष्यांची कातडी सोसायटीत जमा व्हायची आणि त्यांचा अभ्यास इंग्लंडमध्ये राहणारे निवृत्त पोलीस अधिकारी ह्यू व्हिस्लर यांच्याबरोबर चालायचा.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे. मूलबाळ नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्या घरी राहिले आणि उरलेलं सगळं आयुष्य पक्ष्यांना दिलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. साध्या माणसालाही पक्षी ओळखता यावा, असं ते लिहिलेलं. पंडित नेहरूंनी हे पुस्तक देहरादूनच्या तुरुंगातून मुलीला पाठवलं होतं. ती मुलगी पुढे पंतप्रधान झाली आणि त्या वाचनाचा पक्ष्यांना फायदाच झाला.

४,२७३ पक्षी एका दिवसात

राजस्थानात भरतपूरला केवलादेव म्हणून मोठी पाणथळ जागा आहे. संस्थानिकांनी ती खास बदकांच्या शिकारीसाठी राखलेली. मोठा पाहुणा आला की शिकार व्हायची आणि किती पक्षी पडले याचे आकडे दगडावर कोरून ठेवले जायचे. त्यातला सगळ्यात मोठा आकडा आहे १२ नोव्हेंबर १९३८ चा. त्या दिवशी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पाडले गेले. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले.

दुनळी तीच, काडतूस तेच. एकीकडे एक पक्षी मारून त्याच्या पायाला चिठ्ठी बांधणारा माणूस, दुसरीकडे एका दिवसात चार हजार पाडून आकडा कोरणारे लोक. फरक नळीत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ आटवून तिथे शेती करावी, अशी मागणी जोर धरू लागली. जमिनीची भूक होतीच, मागणी चुकीची होती असं म्हणता येत नाही. सलीम अली यांनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा वाचवली. ज्या तळ्यावर बंदुका कडाडायच्या, तिथे १९६० च्या दशकात त्यांच्या सोसायटीचे लोक पक्षी पकडून पायात अॅल्युमिनियमची अंगठी घालून सोडून द्यायला लागले. माकडतापासारखा रोग बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांमार्फत येतो की काय, या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेने कामाला पैसा दिला. पक्षी जिवंत पकडायचं काम कोण करायचं? बिहारचे मीरशिकार. पिढ्यान् पिढ्या जाळी आणि फास लावून पोट भरणारी माणसं. त्यांचं कसब सलीम अली यांनी कामाला लावलं. अंगठी घातलेलं बदक दूर सायबेरियात सापडलं की कळायचं, हे एवढ्या लांबून येतं.

एक चूक, जी गुराख्यांना महागात पडली

त्यांच्या आयुष्यातला एक भाग कटू आहे, तोही सांगायला पाहिजे. केवलादेवात आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरायच्या. गुरांमुळे पाणथळीचं नुकसान होतं, चराई बंद झाली पाहिजे, हे सलीम अली आणि इतर तज्ज्ञांचं मत होतं. १९८१ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. जिथे एके काळी बदकांवर बंदुका चालायच्या, तिथे माणसांवर चालल्या.

पुढे काय झालं? म्हशी गेल्या आणि गवत माजलं. पाण्यावर त्याची चादर पसरली, मासे आणि पक्ष्यांची जागा कमी झाली. सलीम अली यांच्याच सोसायटीने तिथे दहा वर्षं केलेल्या अभ्यासातून ही गोष्ट समोर आली, पण तोवर ते या जगात नव्हते. गुराख्याला जे डोळ्यांनी दिसत होतं ते शास्त्राला कळायला दहा वर्षं लागली. ज्या माणसाने आयुष्यभर आधी पाहा, मग बोला, असं काम केलं, त्याच्याही हातून एकदा पाहण्याआधी ठरवणं झालं. ई-क्लास जमिनीवर गुरं चारणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

मान, पैसा आणि शेवट

मॅट्रिकच्या पुढची पदवी नसलेल्या या माणसाला १९५८ मध्ये अलीगड विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात निघाले. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, त्यातला बहुतेक पैसा त्यांनी सोसायटीला देऊन टाकला. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणून म्हातारपणी झगडले आणि ते जंगल वाचलं. १९८५ ला राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, आणि त्याच्या नावातही ती पडलेली चिमणीच होती. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपल्या माळावर काय उरलं

सलीम अली यांना माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर टिकला, माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ संपला. माळढोकाचाच लहान भाऊबंद तणमोर. तो पावसाळ्यात अकोला-वाशिम भागातल्या गवताळ माळांवर येतो. मादीला दिसावं म्हणून नर गवतातून वर उडी घेतो, दिवसात शेकडो वेळा. याच उडीमुळे शिकाऱ्याला तो लांबून दिसायचा आणि ऐन विणीच्या हंगामात दुनळीने पाडला जायचा. इंग्रज साहेबांनी असे कितीतरी पाडले. नंतर गवताची जमीन वहितीखाली आली आणि उरलेल्यांची जागाच गेली. आज सगळ्या जगात हा पक्षी फार थोडा उरला आहे.

आपल्याकडे हा पक्षी शोधून त्याची राखण करण्याच्या कामात फासेपारधी समाजातले लोक पुढे आले. कोणत्या धुऱ्यावर कोणता पक्षी अंडी घालतो हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. भरतपूरला मीरशिकारांनी जे केलं, तेच इथे पारध्यांनी केलं. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याचं गवत, काटेपूर्णा आणि अडाणचं पाणी, एकबुर्जीचा काठ, एवढीच काय ती उरलेली जागा.

आणि घरातली ती दुनळी? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला पक्ष्यांच्या शिकारीचे परवाने मिळण्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. तित्तर, लावा, बटेर, बदक, काहीही मारलं तरी गुन्हा आहे. परवानाधारक वारला तर वारसाला बंदूक अशीच घरात ठेवता येत नाही, ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाने परवाना मागावा लागतो. आजोबांची आठवण म्हणून ठेवायची तर कागद पक्के करून ठेवावी. आणि जुन्या नळीत नवीन काडतूस घालून पाहण्याची हौस कोणी करू नये.

सलीम अली यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते बंदुकीच्या आधीचं आणि नंतरचंही. दिसलं ते लिहून ठेवायचं. पावसाळ्यात वावरात निंदण-डवरणी चालू असताना गवतातून एखादा काळा-पांढरा पक्षी उडी मारताना दिसला, तर तारीख, गाव आणि शिवाराचं नाव एका कागदावर लिहावं आणि वन विभागाला कळवावं. खेतवाडीच्या तबेल्यातल्या त्या पोरानेही एवढंच केलं होतं.